शत्रूचा पासवर्ड

बजोर नावाच्या ग्रहावर दोन प्रांतांत भांडण लागलं आहे. कारण अगदी साधं: माती शुद्ध करणारी यंत्रं. पन्नासेक वर्षं या ग्रहावर कार्डेशियन लोकांचा ताबा होता आणि जाताना ते शेतजमिनीत विष कालवून गेले. ते विष काढणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. डाकूर प्रांतातल्या शेतकऱ्यांना ती वर्षभरासाठी मिळायची होती. दोन महिन्यांत सरकारचा निरोप आला: यंत्रं परत करा, राकांथा प्रांताला हवी आहेत, तिथे निर्यातीचं पीक घ्यायचं आहे, त्याशिवाय बाहेरच्या जगात आपली पत उभी राहणार नाही. डाकूरवाले म्हणतात, आधी आमचं पोट, मग तुमची पत. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दुष्काळी वर्षांत नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा जो सामना रंगतो तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा परग्रह मुळीच परका वाटणार नाही.

प्रकरण बंदुकांपर्यंत जातं. ज्यांनी खांद्याला खांदा लावून कार्डेशियनांना हुसकावलं तेच जुने लढवय्ये आता एका अरुंद घळीत एकमेकांवर नेम धरून उभे राहतात. घोडा मात्र कुणी ओढत नाही. शकार नावाचा शेतकऱ्यांचा म्होरक्या पुढे निवडणुकीला उभा राहतो आणि ग्रहाचा पंतप्रधान होतो.

ही गोष्ट १९९५ साली अमेरिकन टीव्हीवर दाखवली गेली, ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात. मूळ ‘स्टार ट्रेक’ आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर येऊन गेलेली, त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना ते यान, ते टोकदार कानांचे स्पॉकसाहेब आठवत असतील. त्या मालिकेची एक सोय होती. यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जायचं, तिथला तंटा सोडवायचं आणि पुढे निघायचं. मागे राहिलेल्यांचं काय झालं हे विचारायला कुणी थांबत नसे. १९९३ ते १९९९ या काळात १७६ भाग चाललेल्या ‘डीप स्पेस नाइन’ने नेमकी तीच सोय काढून घेतली. इथे यानाऐवजी एक अवकाशस्थानक आहे, ते बजोरजवळच राहतं, आणि म्हणून या आठवड्यात घेतलेला निर्णय पुढच्या आठवड्यात दार ठोठावत येतो.

युद्धाच्या विज्ञानकथा ढिगाने आहेत. युद्धाचा निकाल उलटा लागला तर काय, या प्रश्नाच्याही आहेत. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून जाते आणि तिथून सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर जातो. पण मला जास्त चकित करतात त्या तिसऱ्या प्रकारच्या कथा, ज्या निकाल लागून गेल्यावर सुरू होतात. जिंकलं कोण, हरलं कोण हे ठरलेलं आहे. आता विहिरी उपसायच्या आहेत, शाळा उघडायच्या आहेत आणि शेजारी राहायला आलेला माणूस काल आपल्यावर बंदूक रोखून होता. या कथांचे लेखक एक गोष्ट विलक्षण बारकाईने पाहतात. शत्रू गेला तरी त्याच्या वस्तू जात नाहीत. त्याचं विष मातीत राहतं, त्याचे कायदे यंत्रांत राहतात, त्याचं अक्षर कागदपत्रांत राहतं. आणि या सगळ्याची किल्ली बहुतेक वेळा त्याच्याच खिशात असते.

आधी मातीचंच घ्या, कारण इथे कल्पनेपेक्षा वास्तव कांकणभर जास्तच अजब आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने आपल्याच देशाचा शेकडो चौरस किलोमीटरचा पट्टा ‘लाल विभाग’ म्हणून बंद केला. न फुटलेले तोफगोळे, सडलेली प्रेतं, विषारी वायूंची रसायनं यांनी ती जमीन नांगरण्यापलीकडे गेली होती. व्हर्दनजवळची नऊ गावं युद्धात नामशेष झाली. त्यांपैकी सहांमध्ये आजही कुणी राहत नाही. तरीही या गावांचं कायदेशीर अस्तित्व फ्रान्सने पुसलेलं नाही, आणि लोकसंख्या शून्य असलेल्या गावाचा कारभार पाहायला सरकार रीतसर माणूस नेमतं. जवळच्याच एका जंगलात युद्धानंतर उरलेले रासायनिक गोळे जाळून नष्ट केले गेले. त्या जागी केलेल्या मोजणीत मातीच्या वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक सापडलं. म्हणजे अशी मूठभर माती उचलली तर तिच्यातला सहावा हिस्सा निव्वळ विष. भोवती झाडं आहेत, मधोमध जवळजवळ उघडं रान.

अशा मातीचं करायचं काय? जपानी चित्रकार-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं ‘नाउसिका’ ही चित्रकथा लिहिली आणि काढली. महायुद्धानंतर हजार वर्षांनी पृथ्वीवर विषारी बुरशीचं एक अफाट जंगल पसरत चाललं आहे. त्याची हवा पाच मिनिटं छातीत गेली तरी माणूस संपतो. दोन साम्राज्यं उरल्यासुरल्या जमिनीसाठी लढताहेत. आणि नाउसिका नावाच्या मुलीला शोध लागतो की जंगल विष सोडत असलं तरी मुळात ते विष शोषतं आहे. त्याच्या मुळांखाली स्वच्छ वाळू आहे, नितळ पाणी आहे. ही कल्पना मियाझाकींना मिनामाताच्या उपसागरावरून सुचली. जपानमधल्या त्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याने पारा सोडला, माणसं लुळीपांगळी होऊन मेली, मासेमारी थांबली, आणि माणसाचा हात आखडल्यावर पाण्यात मासे मात्र पुन्हा वाढत राहिले. चित्रपट १९८४ साली इथवर येऊन थांबतो. चित्रकथा आणखी दहा वर्षं पुढे जाते आणि वाचकाच्या पायाखालची सतरंजी ओढते: ते जंगल निसर्गाने केलेलं नाहीच, ते जुन्या शास्त्रज्ञांनी घडवलं आहे. आणि आजची माणसंही त्यांनीच घडवली आहेत, विषात तग धरतील अशी. जग पूर्ण शुद्ध झालं की त्या स्वच्छ हवेत हीच माणसं मरतील.

विष शोषणारी झाडं खरोखरच आहेत. २००१ साली ‘नेचर’मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी टेरिस विट्टाटा या नेच्याबद्दल लिहिलं. दूषित जमिनीत लावलेला हा नेचा आर्सेनिक मुळांतून ओढून पानांत साठवतो, पानाच्या कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त, आणि तरी हिरवागार राहतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या ओलसर भिंतींच्या चुन्यात, पुलांच्या फटींत जे लांबट पात्यांचे नेचे उगवलेले दिसतात त्यांत हाही असतो. पालिकेचे लोक तो उपटून टाकतात. त्याच्या अंगी काय कसब आहे हे त्या भिंतीलाही ठाऊक नसतं.

आता यंत्रांकडे येऊ. ‘डीप स्पेस नाइन’चं स्थानक बजोरच्या लोकांनी बांधलं, पण स्वतःसाठी नव्हे. कार्डेशियनांनी वेठबिगारीवर ते बांधून घेतलं, खनिज शुद्ध करायला. त्या वेळी त्याचं नाव टेरॉक नॉर. स्वातंत्र्यानंतर तेच स्थानक, तेच अंधारे बोळ, तेच जड दरवाजे, फक्त वापरणारे नवे. मुख्य अधिकाऱ्याची खोली मुद्दाम उंचावर काढलेली, की खाली काम करणाऱ्या प्रत्येकाला साहेबाकडे मान वर करूनच पाहावं लागावं. आता तिथे पृथ्वीवरून आलेला, फार गर्व नसलेला बेंजामिन सिस्को बसतो, पण लोकांना मान वर करावीच लागते. इमारतीने ती सवय सोडलेली नाही. वसाहतीच्या काळातल्या कचेऱ्यांत, न्यायालयांत ज्यांनी अर्ज घेऊन ताटकळत उभं राहून पाहिलं आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

या स्थानकावरची मला सर्वांत आवडणारी गोष्ट १९९४ सालची. खनिजाच्या जुन्या विभागात साफसफाई चालू आहे. अभियंता ओब्रायन संगणकातली एक जुनी फाइल काढायला जातो आणि एकदम पडद्यावर गुल डुकाट प्रकट होतो. हा कार्डेशियनांचा शेवटचा सुभेदार. अर्थात ध्वनिमुद्रित. तो सांगतो, बजोरी कामगारांनो, तुमचं बंड आमच्या लक्षात आलं आहे, शरण या. बंड कसलं, कामगार कुठले! ताबा सुटून दोन वर्षं झालीत. पण यंत्राला तह कळत नाही. ते एकेक पायरी चढत जातं: दारं बंद, मग विषारी वायूची धमकी, मग भिंतीतून निघणारी बंदूक, शेवटी अख्खं स्थानक उडवून देण्याची उलटी मोजणी. स्थानकावर राहिलेला एकमेव कार्डेशियन, गॅरॅक नावाचा शिंपी, बंद दारांतून सहज चालत येतो, कारण यंत्र त्याला आपला मानतं. मग खरा डुकाट हजर होतो, मजा बघायला आणि सौदा करायला. पासवर्ड त्याच्याकडे आहे. अडवणूक करून झाल्यावर तो निघू पाहतो, आणि तेव्हा पडद्यावर आणखी एक ध्वनिमुद्रण सुरू होतं. या वेळी त्याच्या वरिष्ठाचं: बंडाच्या वेळी जागा सोडून पळणाऱ्या अधिकाऱ्याचे सगळे अधिकार रद्द. डुकाटचा पासवर्डही आता चालत नाही. जालीम व्यवस्थेने आपल्या सुभेदारावरही तितकाच अविश्वास ठेवला होता. मग काय, जुना मालक आणि जुने गुलाम एकाच खोलीत, घड्याळाकडे बघत, एकमेकांना शिव्या देत तोडगा शोधतात.

तह न कळणारी यंत्रं पृथ्वीवर लाखांनी पडून आहेत. १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्याने फॉकलंड बेटांवर सुरुंग पेरले. युद्ध दहा आठवड्यांत संपलं. सुरुंग काढायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला. ब्रिटिशांनी ते किनारे तारा ठोकून बंद केले होते, आणि माणूस फिरकत नाही म्हटल्यावर तिथे पेंग्विन सुखाने नांदू लागले, कारण सुरुंग फुटण्याइतकं त्यांचं वजनच नाही. ते काढण्याचं जोखमीचं काम मुख्यतः झिंबाब्वेहून आलेल्या माणसांनी केलं. स्वतःच्या देशातल्या युद्धाने पेरलेल्या सुरुंगांवर हात बसलेले हे लोक. भांडले ब्रिटन आणि अर्जेंटिना, गुडघ्यांवर बसून जमीन चाचपली आफ्रिकेतल्या कामगारांनी. अशी गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर संपादकाने ‘जरा जास्तच होतंय’ असा शेरा मारला असता.

मातीत विष, यंत्रात हुकूम. पण कागदांचं काय? १९९३ च्या ‘ड्युएट’ या भागात एक आजारी कार्डेशियन प्रवासी स्थानकावर उतरतो. त्याला जो आजार आहे तो विश्वात एकाच ठिकाणी होऊन गेलेल्या माणसांना होऊ शकतो: गॅलिटेप नावाच्या छळछावणीत, खाणीतल्या एका विशिष्ट अपघाताच्या वेळी. म्हणजे रोगच साक्षीदार. कीरा नेरिस ही स्थानकाची बजोरी अधिकारी. किशोरवयापासून बंदूक घेऊन लढलेली आणि गॅलिटेप मुक्त करणाऱ्या तुकडीत स्वतः असलेली. ती त्याला कोठडीत टाकते. तो म्हणतो, मी मॅरिट्झा, छावणीतला साधा कारकून, फायली लावायचो. मग एक जुनं छायाचित्र सापडतं आणि त्यात हाच चेहरा छावणीच्या क्रूर प्रमुखाच्या नावाने दिसतो. कोठडीतला माणूस बदलतो. छाती काढून सांगू लागतो, हो, मीच तो, आणि मला कसलाही पस्तावा नाही.

इथे गोष्ट संपवायला कुणाचीही हरकत नव्हती. पण लेखक एक बारीक धागा सोडून ठेवतो. अपघाताच्या दिवशी छावणीचा प्रमुख छावणीत नव्हताच, मायदेशी होता. त्याला हा आजार होऊच शकत नाही. शिवाय तो मरून सहा वर्षं झाली आहेत. म्हणजे कोठडीतला माणूस खरोखरच कारकून मॅरिट्झा आहे. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून पडून राहणारा. त्याने शस्त्रक्रिया करून साहेबाचा चेहरा घेतला, कारण साहेब तर मेला, मग खटला कुणावर चालणार? आणि खटला चालल्याशिवाय कार्डेशियाला आपल्या गुन्ह्याकडे बघावं लागणार नाही. एक कारकून आपल्या राष्ट्राच्या वतीने फाशी मागायला आला आहे. कीरा त्याला सोडून देते. दारातून बाहेर पडताच एक बजोरी माणूस त्याला भोसकतो, केवळ तो कार्डेशियन आहे म्हणून. आणि मालिकेच्या सुरुवातीला जी कीरा हेच कारण पुरेसं मानत असे, तिला आता ते पुरत नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. रॉबर्ट शॉ यांचं ‘द मॅन इन द ग्लास बूथ’ हे नाझी अधिकारी आइकमनच्या १९६१ च्या जेरुसलेममधल्या खटल्यावरून सुचलेलं नाटक तिच्या मागे आहे. कारकुनाचा प्रश्न तर दुसऱ्या महायुद्धानंतर फारच खरा होता. जर्मनीतल्या अमेरिकी अमलाखालच्या भागात प्रौढ नागरिकांना १३१ प्रश्नांचा छापील अर्ज भरायला लावत: पक्षात होतात का, कोणत्या संघटनेत, कोणत्या पदावर. एका राष्ट्राचा अपराध अर्जाच्या रकान्यांत मावेल अशी ती कल्पना. एर्न्स्ट फॉन सालोमन नावाच्या लेखकाने, जो स्वतः तरुणपणी एका राजकीय हत्येच्या कटात शिक्षा भोगून आला होता, त्या प्रश्नांची उपरोधिक उत्तरं देत शेकडो पानांचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो पश्चिम जर्मनीत धडाधड खपला. अर्ज काढणाऱ्यांनी असं काही अपेक्षिलं नसावं. रवांडाने १९९४ च्या नरसंहारानंतर वेगळी वाट धरली. तुरुंगात माणसं मावेनात, तेव्हा गावागावांत गवतावर बसून न्याय करणारी सुमारे १२,००० लोकन्यायालयं उभी केली आणि २०१२ पर्यंत जवळपास वीस लाख प्रकरणं हातावेगळी केली. त्या न्यायाच्या दर्जावर वाद आहेत आणि ते रास्तच आहेत. पण आरोपी, साक्षीदार आणि पंच हे तिघंही उद्या सकाळी त्याच पाणवठ्यावर भेटणार आहेत, ही अट कुठल्याही मोठ्या न्यायालयाला कधी पाळावी लागली नव्हती.

मग हे सगळं थेट रवांडावर, थेट जर्मनीवर का लिहू नये? परग्रहाचा आडोसा कशाला? माझ्या मते आडोसा वाचकासाठी आहे. खऱ्या युद्धाची गोष्ट सुरू झाली की आपण आधी बाजू घेतो, मग वाचतो. बजोरबद्दल आपल्याला काहीच पूर्वग्रह नसतो, नकाशा नसतो, कुणी नातलग तिथे मेलेला नसतो. तरी गंमत पाहा, प्रेक्षकांनी इथेही चकवलं. डुकाट दिसायला रुबाबदार, बोलायला मिठ्ठास, आणि मार्क अलाइमो या नटाने त्याला असा काही जिवंत केला की बरेच प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध झाले. पन्नास वर्षांची वेठबिगारी ज्याच्या हाताखाली संपली तो माणूस ‘तसा वाईट नाही हो’ असं लोक म्हणू लागले. निर्मात्यांना १९९८ साली एक संपूर्ण भाग बहुतांशी याच कामी लावावा लागला: डुकाटच्या तोंडून वदवायचं की मी त्या सगळ्यांना मारायला हवं होतं. ज्याचं काहीच गेलेलं नाही, त्याला क्षमा किती स्वस्त पडते!

मालिकेत कच्चे दुवेही आहेत. एका बजोरी जोडप्याने वाढवलेला कार्डेशियन मुलगा, स्वतःच्याच जातीचा द्वेष करायला शिकलेला, हा विषय मोठा होता. चाळीसेक मिनिटांत त्याला त्याच्या जन्मदात्याकडे रवाना करून सगळे मोकळे झाले. मुलाला काय हवं होतं ते नीट विचारलंही नाही.

अशा ठिकाणी अर्सुला ले ग्विनकडे वळावं. मानववंशशास्त्रज्ञ बापाच्या घरात वाढलेल्या या लेखिकेने १९९५ साली ‘फोर वेज टु फर्गिव्हनेस’ लिहिलं: चार दीर्घकथा, दोन ग्रह. वेरेल हा मालकांचा, येओवे ही त्यांची गुलामांच्या श्रमावर चालणारी वसाहत. तीस वर्षं लढून येओवे मुक्त झालं आहे. आणि मुक्तीनंतरच्या येओवेवर पुरुष सत्तेवर बसलेत, बायका मात्र अजून मालकीच्याच आहेत, फक्त मालक बदललेत. एका कथेत बाहेरच्या ग्रहावरून आलेला एक इतिहासकार हे पाहतो आणि बायकांच्या चळवळीच्या मागे उभा राहायला हळूहळू, वर्षानुवर्षं शिकतो. पुस्तकाच्या शेवटी ले ग्विनने दोन्ही ग्रहांचा भूगोल, इतिहास, जातिव्यवस्था, धर्म यांची टिपणं जोडली आहेत, जणू कुणी जिल्ह्याचं गॅझेटियर लिहावं.

पहिली कथा तर अवकाशकथा वाटतच नाही. योस नावाची निवृत्त शिक्षिका दलदलीच्या काठी एकटी राहायला गेली आहे. शेजारी एक पदच्युत पुढारी, मुक्तियुद्धाचा एके काळचा नायक, नंतर पैशांच्या आणि विश्वासघाताच्या प्रकरणांत बदनाम झालेला. तो आजारी पडतो, तिला चीड असूनही ती त्याला सूप पाजते. विज्ञान यात एवढंच: योसची मुलगी आणि नातवंडं दूरच्या ग्रहाकडे निघाली आहेत आणि प्रवासाला ऐंशी वर्षं लागणार आहेत. यानातल्यांसाठी मात्र तो काळ जेमतेम सरेल, कारण प्रकाशाच्या वेगाजवळ घड्याळं मंदावतात. मुलगी पोचेल तेव्हा तरुणच असेल आणि आई कधीची गेलेली असेल. आइनस्टाइनचं समीकरण इथे एका म्हातारीच्या ओट्यावर येऊन बसतं. जिवंत लेकीचं सुतक धरणारी बाई शेजारच्या नकोशा माणसाची शुश्रूषा का करते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

‘डीप स्पेस नाइन’ला असं खोल जायला शेवटचं पर्व उजाडावं लागलं. सातव्या पर्वात फासे उलटतात. कार्डेशियाने एका बलाढ्य साम्राज्याशी हातमिळवणी केली आणि आता तेच साम्राज्य तिला चिरडतं आहे. दमार नावाचा कार्डेशियन सेनानी बंड पुकारतो. पण गनिमी कावा त्याच्या सैन्याला येत नाही. आजवर ते कायम दुसऱ्या बाजूला होते. तो त्यांना शिकवू शकेल असं जवळपास एकच माणूस: कीरा. जिने कार्डेशियनांना मारतच वय काढलं ती आता कार्डेशियनांना पूल कसा उडवावा, गद्दार कसा ओळखावा हे शिकवते. बजोरी बाईचं ऐकणं त्यांना कमीपणाचं वाटेल म्हणून तिला मुद्दाम दुसऱ्या सैन्याचा गणवेश घालावा लागतो. एके दिवशी दमारला कळतं की शत्रूने त्याच्या बायको-मुलाला ठार केलं आहे, आणि तो उद्वेगाने म्हणतो की निष्पाप लोकांना मारायचे हुकूम कसली माणसं देतात. कीरा त्याचाच प्रश्न त्याला परत करते. खोलीत कुणी बोलत नाही. बोलून झाल्याचा पस्तावा तिला लगेच होतो, पण गॅरॅक म्हणतो, त्याला हे ऐकायलाच हवं होतं.

युद्ध संपतं तेव्हा कार्डेशियात ऐंशी कोटी माणसं मेलेली असतात. मालिका १९९९ च्या जूनमध्ये इथेच पडदा पाडते आणि गॅरॅक, जो शिंपी म्हणवून घ्यायचा पण खरं तर जुना गुप्तहेर आणि छळ करण्यात निष्णात असलेला माणूस होता, राखेत उभा राहिलेला दिसतो. पुढचं लिहिलं ते त्याची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सन या नटानेच. भूमिकेची तयारी म्हणून तो गॅरॅकची रोजनिशी लिहायचा, चाहत्यांच्या मेळाव्यांत तिची पानं वाचून दाखवायचा. त्यातून २००० साली ‘अ स्टिच इन टाइम’ ही कादंबरी झाली, एका जुन्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या लांबलचक पत्राच्या रूपात. लेखक नट असल्याचा तिला एक फायदा झाला: माणूस दुःखात हात कुठे ठेवतो हे त्याला ठाऊक आहे. गॅरॅक आपल्या उद्ध्वस्त घरामागच्या शेडमध्ये राहतो आणि ढिगाऱ्यातले दगड उचलून एकावर एक रचू लागतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हळूहळू शेजारीपाजारी तिथे आपली माणसं आठवायला येऊ लागतात.

ढिगाऱ्याचं काय करावं याची पृथ्वीवरची उत्तरंही चक्रावून टाकणारी आहेत. बर्लिनने एका न पाडता आलेल्या नाझी लष्करी महाविद्यालयावर शहराचे भग्नावशेष ओतून समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंचीची टेकडी केली. वॉर्सा जर्मनांनी पद्धतशीर जाळलं आणि सुरुंग लावून उडवलं. ८५ टक्क्यांच्या आसपास शहर नष्ट झालं. पोलिश लोकांनी जुनं गाव होतं तसं पुन्हा उभं केलं. नकाशे अपुरे होते म्हणून बर्नार्डो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची शहरदृश्यं समोर ठेवून त्यांनी कमानी आणि खिडक्या मोजल्या. १९८० साली युनेस्कोने या पुनर्बांधणीलाच जागतिक वारसा मानलं. आणि विटा? त्यांतल्या कितीतरी व्रोत्स्वाफच्या ढिगाऱ्यातून आल्या. हे शहर १९४५ पर्यंत जर्मन होतं, ब्रेस्लाउ नावाचं. वॉर्साच्या त्या देखण्या चौकात शत्रूच्या घरांच्या विटा शांतपणे भिंतीत बसल्या आहेत.

गॅरॅकच्या कादंबरीतही अशी एक वीट आहे, फक्त ती माणूस आहे. डॉक्टर पार्माक. फार वर्षांपूर्वी गॅरॅकने त्याची चौकशी केली होती. एक बोट लावलं नाही, एक शब्द उच्चारला नाही. समोर बसून नुसतं तासन्‌तास टक लावून पाहिलं, आणि पार्माक कबुली देऊन बसला. त्याची रवानगी श्रमछावणीत झाली. आता राजधानीत डॉक्टर थोडे, जखमी फार, आणि गॅरॅक आणि पार्माक एकाच वैद्यकीय पथकात काम करतात. काम पार्माकचं, हुकूमही पार्माकचा. गॅरॅक स्ट्रेचरची दुसरी बाजू धरतो.